तिकीट एका सिनेमाचं, पाहिला दुसराच: नवी मुंबईतल्या एका मल्टिप्लेक्सचं प्रकरण

मराठी सिनेमाच्या वितरणात ठाणे-नवी मुंबई पट्टा सांभाळताना जवळून बघितलेलं हे प्रकरण आहे. थिएटर, सिनेमा, माणसं कुणाचंच नाव देत नाहीये, कोणाला बदनाम करायचं नाहीये, आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण खरं तेच ठेवलंय. छोट्या सिनेमाच्या टीमला आणि प्रेक्षकांनाही याचा उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

सिनेमा छोटा होता, कौटुंबिक, यू सर्टिफिकेट, मोठं नाव म्हणावं असं कोणी नाही. नवी मुंबईत हार्बर लाइनवरच्या एका स्टेशनजवळच्या मॉलमधलं मल्टिप्लेक्स आम्हाला मिळालं, दिवसाला दोन शो, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेसहा. छोट्या मराठी सिनेमाला संध्याकाळचा साडेसहाचा शो मिळणं म्हणजे खरंच मोठी गोष्ट असते. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवलाच पाहिजे असं ठरवलं तेव्हा बराच गदारोळ झाला आणि शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं धरलं गेलं, त्यामुळे दुपारी साडेबाराचा एक शो लावला की कागदावर काम झालं असं म्हणता येतं. म्हणून साडेसहासाठी आम्ही बरीच फोनाफोनी केली होती.

आता पैशाचं गणित थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिकीट १८० रुपये. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो काढला की नेट उरतं साधारण १५२ रुपये ५४ पैसे, आणि वाटणी होते या नेटवर. २००९ च्या उन्हाळ्यात निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांचा संप चालला होता, दोन महिने हिंदीचे मोठे सिनेमे लागलेच नाहीत, त्यातून जो फॉर्म्युला ठरला तो म्हणजे पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. आमचा करार पहिल्या आठवड्यासाठी ५० टक्क्यांचाच होता. म्हणजे आमच्या सिनेमाच्या एका तिकिटामागे थिएटरने आम्हाला ७६ रुपये २७ पैसे द्यायचे, आणि तेच तिकीट चौथ्या आठवड्यात चाललेल्या सिनेमाच्या नावावर फाटलं तर त्या वितरकाला ४५ रुपये ७६ पैसे. फरक साडेतीस रुपयांचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

किती तिकिटं विकली हे आम्हाला कळतं ते डीसीआरवरून, म्हणजे रोजचा कलेक्शन रिपोर्ट, तो थिएटरच पाठवतं. जीएसटी यायच्या आधी, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत, करमणूक कर होता, त्याचे इन्स्पेक्टर अधूनमधून थिएटरला येऊन तिकिटं तपासायचे, आणि वितरकाचा स्वतःचा माणूसही गेटवर उभा असायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पडद्यावर कुठला सिनेमा किती वाजता चालला याची नोंद प्रोजेक्शनच्या सर्व्हरमध्ये आपोआप होते, पण समोर माणसं किती बसली होती हे सर्व्हरला माहीत नसतं, ते फक्त तिकीट सांगतं.

काय घडलं

शनिवारी संध्याकाळच्या शोला नेरूळच्या एका सोसायटीतलं एक कुटुंब गेलं होतं. आजोबा, म्हणजे सोसायटीतले सगळ्यांचे काका, निवृत्त शिक्षक, काकू, मुलगी आणि दोन नातवंडं. सिनेमा आवडला म्हणून घरी आल्यावर काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिकिटांचा फोटो टाकून लिहिलं की सगळ्यांनी जाऊन बघा, आपल्या भाषेत चांगलं काही आलंय. दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या एका ताईंचा मेसेज, "अहो काका, तिकिटावर तर दुसऱ्याच पिक्चरचं नाव आहे."

खरंच होतं. तिकिटावर एका हिंदी सिनेमाचं नाव, चौथा आठवडा चालू असलेला, ऑडी २ म्हणजे दोन नंबरचा हॉल, वेळ पावणेसात, सीट जी ७ ते जी ११. आणि नावापुढे कंसात ए. म्हणजे फक्त प्रौढांसाठी.

त्या ग्रुपमधल्या एकाची ओळख आमच्या निर्मात्याशी होती, त्यामुळे रात्री अकराच्या आत तो फोटो आमच्यापर्यंत पोचला. मी काकांना फोन केला. त्यांना आधी वाटलं आपलंच काही चुकलं की काय, तिकीट घेताना नीट बघितलं नाही म्हणून ते माफी मागायला लागले, त्यांना म्हटलं काका, तुम्ही काहीच चुकलेलं नाहीये, फक्त काउंटरवर काय झालं ते शब्दाला शब्द सांगा. तर काउंटरवरच्या मुलाला त्यांनी आमच्या सिनेमाचं नाव घेऊन पाच तिकिटं मागितली. मुलाने स्क्रीनकडे बघितलं, बाजूच्याला काहीतरी विचारलं आणि म्हणाला, "काका, मराठीचं काउंटरला लॉक दाखवतंय, ह्याचं देतो, रेट सेमच आहे, आत कुठेही बसा, काही प्रॉब्लेम नाही." काकांना ते ऑफिसचं अंतर्गत काहीतरी असेल असं वाटलं. गेटवरच्या मुलाने तिकिटं बघितली आणि न विचारताच म्हणाला, "मराठी ना? ऑडी चार, डावीकडे." मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, की गेटवरच्या मुलाला पण माहीत होतं. म्हणजे काकांच्या आधीही तशीच तिकिटं घेऊन माणसं गेली होती.

"आत किती लोक होते काका?"

"निम्मं तरी भरलेलं होतं, आमच्या पुढच्या रांगेत तर एक अख्खं भजनी मंडळ आलं होतं."

रविवारी सकाळी डीसीआर आला. शनिवार साडेसहाचा शो, ३१ तिकिटं.

खरा प्रॉब्लेम कुठे होता

पहिल्यांदा सगळ्यांच्या डोक्यात आलं ते पैसे. चोरी झाली, आपले पैसे खाल्ले. पण गणित मांडून बघितलं तर चित्र वेगळंच निघालं, आणि इथे थोडा वेळ थांबतो कारण बहुतेक छोटे निर्माते इथेच वाट चुकतात असं मी बघितलंय.

रविवारच्या शोला आम्ही मोजणी केली, कशी ते पुढे सांगतो, तर आत ९४ माणसं आणि रिपोर्टमध्ये ३८. फरक ५६. छप्पन गुणिले १८० म्हणजे १०,०८० रुपये, जीएसटी काढून साधारण ८,५४२, त्यातला आमचा अर्धा हिस्सा ४,२७१. आणि थिएटरचा फायदा? त्यांनी हे पैसे चौथ्या आठवड्यातल्या सिनेमाच्या नावावर दाखवले तर त्या वितरकाला ३० टक्के म्हणजे २,५६३ द्यावे लागणार, म्हणजे थिएटरच्या खिशात जास्तीचे पडले एका शोमागे १,७०८ रुपये.

आमच्यासाठी खरं नुकसान ४,२७१ रुपयांचं नव्हतंच. ऑडी चारची कपॅसिटी १९०. रिपोर्टप्रमाणे ३८ माणसं म्हणजे २० टक्के. खऱ्या आकड्याने ९४ म्हणजे जवळजवळ ५० टक्के. मल्टिप्लेक्सचा प्रोग्रॅमिंगवाला, जो अंधेरी-लोअर परळकडच्या कुठल्यातरी ऑफिसात बसून पुढच्या शुक्रवारचे शो ठरवतो, तो नेरूळच्या काकांना ओळखत नाही, भजनी मंडळ आलं होतं हे त्याला माहीत नाही, त्याच्यासमोर एक एक्सेल असतं आणि त्यात २० टक्के लिहिलेलं असतं. रविवारी संध्याकाळी २० टक्के असलेल्या सिनेमाला तो दुसऱ्या आठवड्यात साडेसहा देणार नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता. पुढच्या आठवड्याचं शेड्यूल सोमवारी हलायला लागतं आणि मंगळवार-बुधवारपर्यंत पक्कं होतं. म्हणजे आमच्या हातात होते जेमतेम दोन-तीन दिवस.

मराठी सिनेमाला लोक येत नाहीत असं जे सगळीकडे बोललं जातं त्यात असे किती शो असतील याचा हिशोब कोणाकडेच नाही, आणि हे मला फार लागतं. लोक आले होते, पैसे देऊन आले होते, नाव घेऊन तिकीट मागितलं होतं.

एक गोष्ट अजून, आपल्याकडच्या मराठी प्रेक्षकांत ज्येष्ठ मंडळी, महिला मंडळं, अख्खी कुटुंबं जास्त, आणि ही माणसं अजूनही थेट काउंटरवर जाऊन तिकीट काढतात. ऑनलाइन बुकिंगमध्ये हा घोळ होऊच शकत नाही कारण तिथे सिनेमा प्रेक्षक स्वतः निवडतो. त्यामुळे काउंटरवरच्या घोळाचा फटका मोठ्या हिंदी सिनेमापेक्षा आमच्यासारख्यांना कितीतरी जास्त बसतो.

समोर असलेले पर्याय

शनिवारी मध्यरात्री निर्मात्याच्या घरी, ठाण्यात पाचपाखाडीला, सगळे बसलो. निर्माता भयंकर चिडलेला, आणि त्याचं चिडणं बरोबरच होतं, फ्लॅट गहाण टाकून सिनेमा केलेला माणूस आहे.

त्याचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता तिकिटाचा फोटो फेसबुक-इन्स्टावर टाकायचा, थिएटरला टॅग करायचं. सकाळपर्यंत व्हायरल. हे झालं असतं यात शंका नाही. पण आमच्याकडे तेव्हा एकाच कुटुंबाची पाच तिकिटं होती, थिएटरने "काउंटरच्या मुलाची चूक झाली, क्षमस्व" असं दोन ओळीत लिहून विषय संपवला असता, आणि बाकीच्या शोचा पुरावा गोळा करायच्या आत सगळे सावध झाले असते. शिवाय फोटोवर क्यूआर कोड, बुकिंग नंबर सगळं दिसत होतं, काकांची परवानगी न घेता ते टाकणं मला पटत नव्हतं.

दुसरा पर्याय आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. राजकीय पक्षांच्या चित्रपट शाखा. एक फोन केला की पंधरा-वीस कार्यकर्ते रविवारी सकाळी मॉलमध्ये. खरं सांगायचं तर शो वाचवायचा हा सगळ्यात फास्ट मार्ग आहे आणि तो वापरणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, अनेक मराठी सिनेमांना या लोकांमुळेच स्क्रीन मिळाल्यात. पण इथे मार कोणी खाल्ला असता? काउंटरवरच्या त्या मुलाने. तुर्भे-घणसोलीकडून येणारी, कॉन्ट्रॅक्टवरची, आपलीच पोरं असतात ती. आणि आवाज झाला की प्रश्न "मराठीवर अन्याय" असा होतो, मग कंपनी वकील उभा करते आणि ५६ तिकिटं कुठे गेली हा साधा प्रश्न कोणी विचारतच नाही.

तिसरा, काकांनी ग्राहक म्हणून तक्रार करायची. १९१५ या नंबरची ग्राहक हेल्पलाइन आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी पण नाही. ग्राहकाचा हक्क म्हणून हे बरोबर आहे. पण त्याला महिने जातात आणि आम्हाला बुधवार गाठायचा होता. शिवाय काकांनी जो सिनेमा मागितला तो त्यांनी बघितला, आवडला, मग त्यांचं नुकसान काय असं समोरचा विचारणार. चित्रपट महामंडळाला कोल्हापूरला पत्र पाठवायचं पण कोणीतरी सुचवलं, ते नंतर केलं, पण त्या आठवड्यासाठी त्याचा उपयोग नव्हता.

चौथा, थिएटरच्या मॅनेजरशी सरळ बोलायचं. पाचवा, मॅनेजरला वगळून पुराव्यासकट हेड ऑफिसच्या प्रोग्रॅमिंग आणि अकाउंट्सला मेल करायचा.

पहाटे तीनला ठरलं ते असं, रविवारी कोणाशी काही बोलायचं नाही, फक्त मोजायचं, आणि सोमवारी सकाळी एकाच वेळी मॅनेजर आणि हेड ऑफिस दोघांकडे जायचं. निर्मात्याला हे अजिबात आवडलं नव्हतं. रविवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस आणि तो आपण डोळ्यांदेखत चुकीच्या नावावर जाऊ द्यायचा? त्याचा हा प्रश्न आजही मला चुकीचा वाटत नाही.

रविवारी काय केलं

आमची दोन माणसं साडेसहाच्या शोला ऑनलाइन तिकीट काढून आत गेली. इंटरव्हलला लाइट लागल्यावर एकाने पुढून आणि एकाने मागून रांगेप्रमाणे डोकी मोजली, दोघांचा आकडा ९४ आला. एकाने मोजलं की समोरचा म्हणतो अंदाज आहे, म्हणून दोघं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली आणि ती आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीला सुचली, सगळं श्रेय तिचं. तिकिटाच्या अॅपवर सीट मॅप दिसतो ना, त्यात काउंटरवर विकलेल्या सीटही भरलेल्या दिसतात. तिने ऑडी दोनच्या त्या हिंदी सिनेमाच्या पावणेसातच्या शोचे स्क्रीनशॉट दर पाच मिनिटांनी घेतले. जी, एच, जे, के रांगा भराभर भरत गेल्या, शेवटी ७१ सीट गेलेल्या दिसत होत्या. आणि आमच्या तिसऱ्या माणसाने त्या ऑडी दोनमध्ये स्वतः तिकीट काढून बसून मोजलं, आत १५ जण. ते पण सगळे मागच्या दोन रांगांत. जी ते के पूर्ण मोकळ्या.

छप्पन सीट विकलेल्या आणि रिकाम्या, बाजूच्या हॉलमध्ये छप्पन माणसं बसलेली आणि न विकलेली. सोमवारी सकाळी आमचा रिपोर्ट ३८ आला तेव्हा तर आकडे चक्क एकाला एक जुळले.

आणि तिसरी गोष्ट, आम्ही थिएटरकडे शोप्रमाणे काउंटर-ऑनलाइन असा वेगळा ब्रेकअप मागितला, हा वितरकाला मागता येतो, फारसं कोणी मागत नाही. शनिवारचे ३१ आणि रविवारचे ३८ सगळे ऑनलाइन. काउंटर शून्य. नवी मुंबईत, वीकेंडला, संध्याकाळी, मॉलमध्ये मराठी सिनेमाचं काउंटरवर एकही तिकीट गेलं नाही हे या धंद्यातल्या कोणालाही पटणार नाही.

सोमवारची मीटिंग

मॅनेजर साधा माणूस होता, मराठीच, डोंबिवलीचा. आधी म्हणाला असं होऊच शकत नाही. स्क्रीनशॉट दाखवल्यावर गप्प झाला, आत जाऊन सिस्टिम उघडून आला आणि त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितोय कारण मला ते बऱ्यापैकी खरं वाटलं. शुक्रवारी रात्री ड्युटी मॅनेजरने शनिवार-रविवारच्या आमच्या संध्याकाळच्या शोचं अॅडव्हान्स बुकिंग बघितलं, तीन-चारच तिकिटं होती, त्याला वाटलं हा शो कॅन्सल करावा लागेल, म्हणून त्याने सिस्टिममध्ये काउंटर सेल लॉक केला. शनिवारी दुपारनंतर ऑनलाइन तिकिटं वाढली, त्यामुळे शो कॅन्सल करता येईना, पण लॉक काढायचा राहिला किंवा त्याने काढला नाही. काउंटरवर माणसं यायला लागली, मुलांनी विचारलं, तर त्यांना सांगितलं गेलं, "बाजूच्या शोचं दे आणि आत सोड."

हे मुद्दाम होतं का? मॅनेजर म्हणाला नाही. निर्माता म्हणाला शंभर टक्के हो. माझं मत सांगतो. शोमागे १,७०८ रुपयांसाठी एवढ्या मोठ्या चेनचं कोणी हे ठरवून करेल असं मला वाटत नाही. पण एक लॉक काढायला दहा सेकंद लागतात, आणि तो मोठ्या हिंदी सिनेमाचा शो असता तर दहा सेकंदात काढला असता. मराठी शो आहे, चालतंय तसं चालू दे, हा जो विचार आहे त्याला चोरी म्हणता येत नाही पण त्याचा परिणाम चोरीइतकाच होतो.

अमेरिकेत याचा एक वेगळा प्रकार चालतो, तिथे आर रेटिंगच्या सिनेमाला सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठं कोणी बरोबर नसेल तर सोडत नाहीत, म्हणून पोरं दुसऱ्याच सिनेमाचं तिकीट काढतात आणि आत गेल्यावर हॉल बदलतात, आणि कमाई भलत्याच सिनेमाच्या नावावर जाते. म्हणून तिथले स्टुडिओ गुपचूप माणसं पाठवून डोकी मोजून घेतात. आमच्या प्रकरणात प्रेक्षकाने काहीच लपवलं नव्हतं, लपलं ते काउंटरच्या पलीकडे.

मेलमध्ये कुठला मुद्दा वर ठेवायचा

हा मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो. पहिला ड्राफ्ट निर्मात्याने लिहिला होता, दोन पानी, मराठी अस्मिता, कलाकारांची मेहनत, सगळं. मनापासून लिहिलेलं. पण ते हेड ऑफिसमध्ये कोणी शेवटपर्यंत वाचलं नसतं. आम्ही ते एका पानावर आणलं, चार शोचा तक्ता, स्क्रीनशॉट, काकांच्या तिकिटाचा फोटो नंबर झाकून, काकांच्या परवानगीने.

आणि पहिल्याच परिच्छेदात एक गोष्ट लिहिली. तुमच्या रेकॉर्डप्रमाणे शनिवारी पावणेसातच्या ए सर्टिफिकेटच्या सिनेमाला ज्या कुटुंबाला तिकिटं दिली त्यात नऊ आणि बारा वर्षांची मुलं होती. प्रत्यक्षात त्यांनी यू सिनेमा बघितला, पण तुमच्याकडचा कागद तसं सांगत नाही. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ च्या कलम ७ प्रमाणे प्रौढांसाठीचा सिनेमा अल्पवयीनांना दाखवला तर कारवाई होते. उद्या कोणी विचारलं तर तुम्ही काय दाखवणार? आणि पुढच्या ओळीत, आग लागली किंवा काही झालं तर ऑडी चारमध्ये ३८ माणसं आहेत असं तुमची सिस्टिम सांगेल आणि असतील ९४. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहारमध्ये ५९ माणसं गेली, त्यानंतर कुठल्या हॉलमध्ये किती माणसं आहेत हा हिशोब कोणी हलक्यात घेऊ नये. वाटणीचे पैसे आणि पुढच्या आठवड्याचा शो हे मुद्दे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर.

निर्माता म्हणाला, आपला सिनेमा खाली गेला की रे. पण दुपारी चारच्या आत हेड ऑफिसचा फोन आला तो प्रोग्रॅमिंगकडून नाही, लीगलकडून आला.

काय निष्पन्न झालं

मंगळवारी सुधारित डीसीआर आला. शुक्रवारी लॉक नव्हता त्यामुळे तो दिवस बरोबर होता, शनिवार-रविवारचे संध्याकाळचे दोन्ही शो दुरुस्त झाले, त्याबरोबर सोमवारचाही, कारण लॉक मीटिंगच्या नंतरच निघाला आणि सोमवारची सकाळची काउंटर विक्री पण त्यात अडकलेली. दुपारच्या शोमध्ये काहीच गडबड नव्हती. वाटणीचा फरक हिंदी सिनेमाच्या वितरकाच्या खात्यातून काढून आमच्याकडे वळवला, त्या वितरकाचा आम्हाला फोन आला, तो बिचारा म्हणाला मला माहीतच नव्हतं माझे जी ते के कुठून भरतायत. जीएसटीचा दर दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तिथे काही वाढघट झाली नाही.

दुसऱ्या आठवड्यात साडेसहा मिळाला नाही. प्रोग्रॅमिंगने आकडे मान्य केले पण त्या शुक्रवारी एक मोठा हिंदी सिनेमा येत होता. सव्वातीनचा एक शो मिळाला, तो तीन आठवडे टिकला. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आणि कल्याणच्या थिएटरनी मात्र पहिल्या आठवड्यातच सिनेमा काढला, तिथे आमची मोजणी झालीच नव्हती त्यामुळे बोलायला हातात काही नव्हतं.

कंपनीने सगळ्यात आधी केलं काय तर काउंटरवरच्या मुलाला काढलं. हे कळल्यावर आम्ही लगेच दुसरा मेल केला की त्याने सांगितलं तेवढं केलं, कारवाई लॉक लावणाऱ्यावर करा. त्याला परत घेतलं, पण काउंटरवर नाही, पॉपकॉर्नच्या बाजूला. ड्युटी मॅनेजरची बदली झाली. कंपनीने काकांना फोन करून माफी मागितली आणि पाच तिकिटं देऊ केली, काका म्हणाले मला फुकट नकोत, फक्त तिकिटावर बरोबर नाव छापा.

वेगळं काय करता आलं असतं

रविवार गप्प बसून घालवायचा निर्णय. शनिवारी रात्रीच मॅनेजरला फोन केला असता तर रविवारचा काउंटर सेल आमच्या नावावर गेला असता, पण मग लॉक सकाळी गुपचूप निघाला असता आणि शनिवारची पाच तिकिटं सोडून आमच्याकडे काही उरलं नसतं. मी आजही मोजणीच्याच बाजूने आहे. पण ज्या सिनेमाला फक्त एकच आठवडा मिळणार हे आधीच स्पष्ट असतं तिथे हा हिशोब उलटा होतो, तिथे पुराव्यापेक्षा तो रविवार मोलाचा, आणि तिथे मी मॅनेजरला रात्रीच उठवीन.

मोजणी पहिल्या शुक्रवारपासून आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी व्हायला हवी. त्यासाठी पगारी माणूस लागत नाही. आता आम्ही प्रत्येक थिएटरजवळच्या दोन-तीन ओळखीच्या प्रेक्षकांना सांगून ठेवतो की काउंटरवरून तिकीट काढा, नाव बघा, इंटरव्हलला डोकी मोजा आणि मेसेज करा. काउंटर-ऑनलाइन ब्रेकअप रोज मिळावा आणि शो लॉक करायच्या आधी कळवावं अशी अट करारात घालायला लागलोय. सगळी थिएटरं मान्य करत नाहीत, एका चेनने सरळ नाही म्हटलं, पण मागितल्यामुळे निदान समोरच्याला कळतं की इकडे कोणीतरी बघतंय.

प्रेक्षकांनी काय करायचं ते अगदी सोपं आहे. काउंटर सोडायच्या आधी तिकिटावर चार गोष्टी बघा, सिनेमाचं नाव, ऑडी, वेळ, सीट. नाव वेगळं असेल तर "आत कुठेही बसा" ऐकून पुढे जाऊ नका, तिथेच बदलून मागा, मागे लाइन असली तरी. बदलून देत नसतील तर तिकिटाचा फोटो काढून ठेवा आणि सिनेमाच्या पेजवर मेसेज करा, सार्वजनिक पोस्ट न करता. छोट्या सिनेमाचं पेज बहुतेक वेळा दिग्दर्शक नाहीतर निर्माता स्वतःच बघत असतो, रविवारी रात्री पण उत्तर येईल.